मनोरुग्ण ग्रामीण रुग्णालयात आला की: पहिल्या ७२ तासांत परिचारिकेने काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

परिचारिकांच्या प्रशिक्षणात मी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. रुग्ण म्हणतो, "मले भरती व्हायचं नाही." भाऊ म्हणतो, "सिस्टर, मी सही करतो, तुम्ही इंजेक्शन मारा." पुढे काय कराल? बहुतेक जणी सांगतात, भावाची सही घेऊ. पंचवीस वर्षं वॉर्डात काम केलेल्या सिस्टरही तेच सांगतात. दोष त्यांचा नाही, आपल्याला तसंच शिकवलं गेलं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात नातेवाइकाची सही हा पहिला टप्पा नाही. त्याआधी दोन टप्पे येतात, आणि आपल्याकडून नेमके तेच सुटतात.

हा लेख विदर्भातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी आहे. इथे मानसोपचारतज्ज्ञ नसतात, रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक कक्षसेवक असतो आणि नागपूर चार-पाच तासांवर असतं. क्रम चुकला की रुग्णाचा हक्क जातो. शिवाय केसपेपरवर आपलं नाव राहतं. या कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधीची तयारी: रुग्ण दारात येण्यापूर्वी

नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर एक कागद लावा. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, पोलीस ठाणे आणि तालुका विधी सेवा समिती यांचे नंबर त्यावर लिहा. खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ लिहा. दर महिन्याला एकदा हे नंबर लावून पाहा. बदली झालेल्या डॉक्टरांचा नंबर रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही.

एक खाट नर्सिंग स्टेशनसमोर ठेवा, कोपऱ्यातली नको. तिच्याजवळ सलाईन स्टँड, कात्री, काचेची बाटली किंवा लोंबती वायर राहू देऊ नका. ड्रॉवरमध्ये कोरे कागद, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि चालू ग्लुकोमीटर असू द्या.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे रुग्ण येतात. त्या भाषा येणारे कर्मचारी किंवा आशाताई कोण, त्यांची नावं आधीच लिहून ठेवा. समजेल अशा भाषेत, लागल्यास खुणांनी किंवा चित्रांनी माहिती मिळणं हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. पण ज्या नातेवाइकाने त्याला धरून आणलं, त्यालाच दुभाषा करू नका. तो आपलंच म्हणणं रुग्णाच्या तोंडी घालतो.

टप्पा १: पहिली पंधरा मिनिटं

१. साखळी किंवा दोर असेल तर आधी तो सोडवा. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे, त्याला अपवाद नाही. नातेवाईक निघण्याआधी कुलपाची किल्ली मागून घ्या. किल्ली गावी राहिली आणि पहाटेपर्यंत करवत शोधत बसलो, हे माझ्याच पाळीत घडलं आहे.

२. घोटे आणि मनगटं पाहा. पावसाळ्यात साखळीखालची जखम चिघळते, कधी अळ्याही पडतात. जखम कुठे, किती मोठी, किती दिवसांची वाटते, ते लिहा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. देवस्थानी किंवा बाबाकडे बांधून मारहाण झाल्याचं कळलं तर तेही लिहून डॉक्टरांना सांगा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

३. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि साखर बघा. ही सहाही हाती आल्याशिवाय केसपेपरवर "मनोरुग्ण" हा शब्द लिहू नका.

तिसरा मुद्दा मी थोडा ताणून सांगते, कारण इथे माणूस मरू शकतो. बडबडणारा, अंगावर धावून येणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. मे महिन्यात शेतावरून आणलेला माणूस असंबद्ध बोलत असेल तर उष्माघात असू शकतो. गडचिरोली-गोंदियात ताप असेल तर मेंदूचा मलेरिया आधी तपासायचा. साखर खाली गेलेला मधुमेही शिव्या देतो. आणि दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे असल्यामुळे तिथे घरचे दारूचं नाव काढत नाहीत. "शेवटची कधी घेतली?" असं एकट्या बायकोला बाजूला घेऊन विचारा. "पोलिसांना सांगणार नाही, औषध ठरवायला हवंय," एवढं म्हटलं की ती सांगते. अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन लावायचं असेल तेव्हा डॉक्टरांना थायामिनची (जीवनसत्त्व बी-१) आठवण करून द्या. साखर धोक्याइतकी उतरली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवू नका.

तपासा: रुग्णाला दिवस, जागा आणि सोबतचा माणूस ओळखता येतो का? सकाळी येत होतं आणि संध्याकाळी येत नाही, असं होतं का? तसं असेल तर शरीरातलं कारण शोधणं डॉक्टरांना तातडीने सांगा.

टप्पा २: आधी रुग्णाला विचारा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. कायदा धरून चालतो की प्रत्येक माणसाला स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेता येतो. ही क्षमता नाही, असं ठरवायचं असेल तर ते तपासून ठरवावं लागतं. मनोरुग्ण आहे म्हणून क्षमता नाही, असं म्हणता येत नाही. त्याचा निर्णय आपल्याला किंवा घरच्यांना चुकीचा वाटला, म्हणूनही नाही.

क्षमतेसाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात: सांगितलेली माहिती त्याला समजते का, उपचार घेतल्याने किंवा न घेतल्याने काय होईल हे त्याला कळतं का, आणि आपला निर्णय तो बोलून, हावभावाने किंवा खुणेने सांगू शकतो का. निष्कर्ष डॉक्टर काढतील. पण रुग्णाजवळ आपण बसतो, म्हणून हे प्रश्न आपणच विचारायचे आणि उत्तरं जशीच्या तशी लिहायची.

नातेवाइकांना बाहेर बसवा, रुग्णाच्या समोर नको तर बाजूला बसा. वयानुसार हाक मारा: मामाजी, मावशी, दादा, ताई. मग विचारा:

"मामाजी, तुम्हाले इथं कायले आणलं, ठाऊक आहे काय?"
"डॉक्टर म्हणतात एक इंजेक्शन घ्या, झोप लागेल, आवाज कमी येतील. घेतलं तर काय होईल, नाही घेतलं तर काय होईल, सांगा बरं."
"मग काय करावं वाटते तुम्हाले?"

केसपेपरवर "रुग्ण सहकार्य करत नाही" असं लिहू नका. त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "रात्री ११.४० – इंजेक्शनची माहिती वऱ्हाडीत दिली. रुग्ण म्हणाला, 'सुई नको, गोळी देसान तर घेतो.' गोळी घेण्यास तयार. डॉक्टरांना कळवलं." या चार वाक्यांत संमती आहे, नकार आहे आणि पर्यायही आहे. अर्ध्याहून जास्त वेळा भांडण उपचाराचं नसतं, सुईचं असतं.

रुग्णाला समजतं आहे आणि तो भरती व्हायला तयार आहे, तर तो स्वतंत्र रुग्ण. सही किंवा अंगठा त्याचाच घ्या, भावाचा नाही. तो घरी जायचं म्हणाला तर सोडावं लागतं. फक्त परिस्थिती गंभीर वाटत असेल तर मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे मनोरुग्णांना भरती करून उपचार देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत, तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवण्याची मुभा कायद्यात आहे.

थांबा: नातेवाईक म्हणतील, चहात गोळी मिसळून द्या. देऊ नका. तो संमतीशिवाय केलेला उपचार होतो, आणि रुग्णाला कळलं की तो पुढे वॉर्डातलं जेवणही घेत नाही.

टप्पा ३: प्रतिनिधी कोण, ते ठरवा

रुग्णाला समजत नाही, असं डॉक्टरांनी लिहिल्यावरच नातेवाइकाचा प्रश्न येतो. कायद्यात या व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. क्रम असा आहे: रुग्णाने आगाऊ निर्देशात (आजारात कोणते उपचार हवे-नको, हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नेमलेली व्यक्ती, नंतर नातेवाईक, नंतर सांभाळ करणारी व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर पुनर्विलोकन मंडळ (रुग्णांच्या हक्कांसाठी या कायद्याने नेमलेलं मंडळ) ठरवील ती व्यक्ती.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी. नातेवाइकांमध्ये नवरा पहिला, सासरा दुसरा, असा क्रम कायद्याने लावलेला नाही. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने जोडलेला कोणीही नातेवाईकच. रुग्ण शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असेल तर साध्या कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठ्याने तो स्वतः प्रतिनिधी नेमू शकतो. त्यासाठी स्टँपपेपर किंवा नोटरी लागत नाही. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याने जबाबदारी लेखी मान्य केलेली हवी.

बाळंतपणानंतर आजारी पडलेली एक मुलगी मला आठवते. सासरचे सही करायला पुढे आले, ती मात्र सारखी "माह्या आईले बोलवा" म्हणत होती. आम्ही सासऱ्यांची सही घेतली. आई दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आली, तोवर मुलगी आमच्यापैकी कोणाशी बोलायची थांबली होती. आता मी आधी रुग्णाला विचारते: "तुझ्या वतीने कोणी बोलावं?" आणि मग फोन लावते. अशा आईचं तीन वर्षांखालचं बाळही सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नसतं. बाळाला धोका असेल तरच, तोही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या निर्णयाने.

टप्पा ४: तातडीचा उपचार आणि ७२ तासांचं घड्याळ

मानसोपचारतज्ज्ञ नसतानाही आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उपचार सुरू करता येतात. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, तीन कारणांसाठी हे करू शकतो: जिवाला किंवा प्रकृतीला न भरून येणारी हानी टाळायला, रुग्णाने स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करू नये म्हणून, आणि आजारामुळेच मालमत्तेचं मोठं नुकसान होत असेल तेव्हा. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती माहिती देऊन घ्यायची. तो गावाहून यायचा असेल तर त्याच्यासाठी जीव टांगणीला लावायचा नाही.

ही मुभा ७२ तासांची आहे, किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. तिथे पोहोचवणंही यातच येतं. म्हणून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा: "तातडीचा उपचार सुरू – तारीख, वेळ. ७२ तास संपणार – तारीख, वेळ." प्रत्येक पाळी सोपवताना तो आकडा मोठ्याने सांगा. शनिवारी रात्री आलेला रुग्ण "सोमवारी बघू" म्हणत राहिला की मंगळवारी रात्री घड्याळ संपतं.

डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय झोपेचं इंजेक्शन देऊ नका, फोनवर आदेश मिळाला तर वेळ लिहून सकाळी सही घ्या. इंजेक्शननंतर पहिला तास श्वास, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहा. मान वाकडी होणं, डोळे वर जाणं, जीभ बाहेर येणं दिसलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा. हा औषधाचा परिणाम असतो आणि औषधानेच उतरतो. आपल्याकडे मात्र नातेवाईक "अंगात आलं" म्हणून लिंबू आणायला धावतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

टप्पा ५: हातपाय बांधण्याचा प्रश्न

रात्रपाळीला मी एकटी आहे, तेव्हा बांधून ठेवते. हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे, आणि पूर्वी मीही म्हटलं आहे. कायदा नेमकं हेच नाकारतो. माणसं कमी आहेत म्हणून, शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधता येत नाही. एकट्याला खोलीत कोंडणंही चालत नाही. बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा कोणताच मार्ग उरलेला नाही, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. आपल्याकडे ते नसतात, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याने जिल्ह्याच्या तज्ज्ञांना फोन लावायचा आणि त्यांचं नाव, वेळ व सूचना लिहून घ्यायची.

क्रम असा ठेवा:

१. आधी गर्दी हटवा. चिडलेला माणूस निम्म्या वेळा फक्त मोकळी जागा आणि पाणी मिळाल्यावर खाली बसतो.
२. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एकच माणूस जवळ ठेवा. गोळी घेतो का, पुन्हा विचारा.
३. मग डॉक्टर, फोन, आदेश.
४. रुंद, मऊ कापड वापरा. गॉजची दोरी, ओढणी, सलाईनची नळी नको. पालथं कधीही झोपवू नका.
५. सतत देखरेख ठेवा. कायद्यात मिनिटं दिलेली नाहीत. मी दर पंधरा मिनिटांनी श्वास, बोटांचा रंग आणि पट्ट्याची घट्टी पाहून वेळ लिहिते. पाणी आणि लघवीसाठी विचारते.
६. शांत झाला की सोडा, सकाळची वाट पाहू नका. प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवा आणि कळवल्याची नोंद करा.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: कसं बांधलं, कोणत्या भागाला, का बांधलं आणि किती वेळ. "रुग्ण हिंसक, बांधून ठेवला" ही नोंद अपुरी आहे. "१.१५ ला खिडकीच्या काचेवर डोकं आपटत होता, गोळी व बोलणं दोन्ही नाकारलं, १.३० ला दोन्ही मनगटं कापडी पट्ट्याने, २.१० ला सोडलं" ही नोंद पुरेशी आहे.

टप्पा ६: वॉर्डात असेपर्यंत

केस काढू नका. रुग्णाचं सक्तीने मुंडण कायद्याने बंद आहे. उवा झाल्या तर उवांचं औषध आणि बारीक दातांची फणी वापरा. वेळ लागतो, पण बाईच्या डोक्यावरचे केस हा तिचा हक्क आहे.

तिला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्या. पाळीची चौकशी करून पॅड द्या, मागायची वाट पाहू नका. झाडू-पोछा करायला लावू नका. घरी फोन करायचा असेल तर लावून द्या.

मोबाईलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकणं बंद करा. हेतू चांगला असतो, घरचे सापडावेत असा. पण उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो फोटो पुढे तिच्या लग्नापर्यंत, नोकरीपर्यंत फिरत राहतो. ओळख पटवायचं काम पोलिसांमार्फत करा.

टप्पा ७: विष प्यायलेला रुग्ण

कपाशीच्या पट्ट्यात हा रोजचा प्रसंग. नातेवाईक "फवारताना गेलं" सांगतात, कारण त्यांना केसची भीती असते. त्यांना स्पष्ट सांगा: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच कायदा धरतो, त्यासाठी त्याला शिक्षा व्हायची नाही, उपचार आणि आधार देणं सरकारचं कर्तव्य आहे. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर केसची) नोंद ठरल्याप्रमाणे होईल, ती रुग्णाला आरोपी करण्यासाठी नाही. एवढं ऐकल्यावर फवारणीच्या औषधाचा डबा घरून लवकर येतो, आणि डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

"पुन्हा असं केलंस तर पोलिसात देईन," हे वाक्य वॉर्डात कोणी उच्चारू नये.

टप्पा ८: पोलिसांनी आणलेला, बेवारस रुग्ण

"कोर्टाचा आदेश आणा, मग घेतो." हे १९८७ च्या जुन्या कायद्याचं बोलणं आहे. आता पोलिसांनी अशा व्यक्तीला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. ते रुग्णालय म्हणजे आपणच. तपासणीची व्यवस्था करणं आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. परत पाठवू नका. आणणाऱ्या पोलिसाचं नाव, बक्कल नंबर आणि सापडल्याचं ठिकाण लिहा. बेपत्ता व्यक्ती म्हणून ठाण्यात नोंद झाली का, हेही विचारा.

टप्पा ९: नागपूरला किंवा जिल्ह्याला पाठवताना

निघण्याआधी फोन करून जागा आणि तज्ज्ञ आहेत का, ते विचारा. रुग्णाला सांगा: कुठे नेतोय, का, सोबत कोण. फिरायला नेतो म्हणून गाडीत बसवू नका. एकदा फसवलं की पुढच्या डॉक्टरवर तो विश्वास ठेवत नाही.

सोबत द्यायचं: क्षमतेची नोंद, प्रतिनिधीचा कागद, दिलेली औषधं मात्रा आणि वेळेसह, बांधल्याची नोंद असेल तर ती, आणि ७२ तासांची लाल ओळ. स्त्री रुग्णासोबत स्त्री कर्मचारी हवीच. १८ वर्षांखालचं मूल असेल तर तिथे पूर्णवेळ सोबत राहणारा माणूस आधी ठरवा. मुलगी असेल तर ती सोबत बाईचीच.

नातेवाइकांना पुढचं सांगा, म्हणजे ते घाबरत नाहीत. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा व्यावसायिक स्वतंत्रपणे तपासतील. आधाराने भरती (रुग्णाला निर्णय घेता येत नसताना प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी) करावी लागली तर ती पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंतच असते आणि तिची माहिती पुनर्विलोकन मंडळाला जाते, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांची सात दिवसांत. निर्णय पटला नाही तर मंडळाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी मोफत वकील मिळतो. हे रुग्णालाही सांगा, आणि सांगितल्याची वेळ लिहा. मोफत कायदेशीर मदतीची माहिती देणं प्रमुख डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रात्री ते सहसा आपल्याच तोंडून जातं.

तपासा, गाडी सुटण्याआधी: पाणी आणि जेवण झालं का? रुग्णाचा मोबाईल, पैसे, चप्पल सोबत आहेत का? चप्पल नेहमी राहते. तिकडून सुटून आलेला माणूस अनवाणी एसटी स्टँडवर उभा राहतो.

परत आल्यावर

सुटीचं कार्ड घेऊन रुग्ण ओपीडीत आला की गोळ्या किती दिवस पुरतील ते मोजा आणि संपायच्या आठ दिवस आधीची तारीख कार्डावर लिहा. कायद्याच्या आवश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी संस्थांत मोफत मिळायला हवीत. औषध शिल्लक नसेल तर बाहेरची चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. औषधभांडारात लेखी मागणी नोंदवा आणि तिची प्रत ठेवा. गावातल्या आशाताईंना कळवायचं असेल तर आधी रुग्णाला विचारा, "आशाताईले सांगू काय?" तो नाही म्हणाला तर पुढची तारीख त्याच्याच हातात द्या आणि त्या दिवशी ओपीडीत त्याची वाट पाहा.